अट असेल तर जाहिरातीत छापा

धर्मसंस्थेने नोकरी देताना माणसाचा धर्म विचारावा का, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे आहेत. पहिले असे: संस्था त्यांची, देव त्यांचा, माणसेही त्यांचीच असणार, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये. दुसरे असे: नोकरीत धर्म आणला की तो भेदभावच, गुणवत्तेखेरीज काही विचारताच कामा नये. पहिले उत्तर देणारे स्वतःला परंपरेचे राखणदार समजतात, दुसरे देणारे स्वतःला पुरोगामी म्हणवतात. दोघांचीही उत्तरे मला पटत नाहीत, कारण दोघेही मधला प्रश्न टाळतात. संस्था जे मनात धरून माणूस नेमते, नाकारते किंवा काढते, ते ती कागदावर लिहिते का? सहिष्णुतेचा प्रश्न यानंतरचा. आधी खरेपणाचा हिशेब होऊ द्या.

अलीकडे हा वाद पेटला तो लखनौत. २२ मार्च २०२४ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने उत्तर प्रदेशाचा २००४ चा मदरसा शिक्षण मंडळ कायदा घटनाबाह्य ठरवला. सरकारने एका धर्माच्या शिक्षणासाठी मंडळ काढणे धर्मनिरपेक्षतेच्या तत्त्वाला धरून नाही, असा निकालाचा रोख होता. मदरशांतल्या मुलांना नेहमीच्या शाळांत सामावून घ्या, असेही त्यात सांगितले होते. दोन आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तो कायदा वैध ठरवला. ‘कामिल’ आणि ‘फाजिल’ या पदवी आणि पदव्युत्तर दर्जाच्या परीक्षा मात्र मंडळाच्या हातून काढून घेतल्या, कारण पदवी देणे हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याचा विषय आहे.

त्या सात-आठ महिन्यांत कट्ट्यापासून वाहिन्यांपर्यंत एक वाक्य कितीदा तरी कानावर आले: ‘मदरशांत आपल्याच लोकांना चिकटवतात आणि पगार मात्र सरकार देते. मग देवळांनीच काय घोडे मारले आहे?’ वाक्य टाळीचे आहे, म्हणून ते जरा सोलून पाहू.

पगार सरकार देते, हे साडेपाचशेहून थोड्या अधिक अनुदानित मदरशांपुरते खरे आहे. राज्यातले मान्यताप्राप्त मदरसे हजारोंच्या घरात आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना शिक्षकांच्या पगारासाठी नियमित अनुदान मिळत नाही. ‘आपल्याच लोकांना’ हे तर सरसकट खोटे आहे. मदरशांत गणित, विज्ञान, हिंदी, इंग्रजी शिकवायला केंद्र सरकारच्या मदरसा आधुनिकीकरण योजनेतून मानधनावर शिक्षक नेमले गेले. पदवीधराला महिना ६,००० आणि पदव्युत्तर किंवा बीएड असणाऱ्याला १२,००० रुपये. त्यावर राज्याचे अनुक्रमे २,००० आणि ३,०००. उत्तर प्रदेशात असे एकवीस हजारांहून अधिक शिक्षक होते आणि त्यांत हिंदू शिक्षकही होते. मदरशाच्या चटईवर बसलेल्या पोरांना अपूर्णांक आणि गुरुत्वाकर्षण शिकवणाऱ्या या माणसांचा केंद्राकडचा वाटा आधीच वर्षानुवर्षे थकलेला होता. मार्च २०२२ मध्ये योजनाच गुंडाळली गेली. जानेवारी २०२४ मध्ये राज्याने आपलाही हात आखडता घेतला. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत लखनौचा निकाल आला आणि ‘मदरशांत आधुनिक विषय शिकवतच नाहीत’ म्हणून सगळीकडे हळहळ सुरू झाली. हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी या हिंदू मास्तरांच्या बुडालेल्या मानधनाबद्दल चकार शब्द काढला? इथे दार मदरशाने लावले नव्हते. दाराआड जे थोडेबहुत चालले होते त्याचा खर्च सरकारने बंद केला आणि ठपका मात्र मदरशावर आला.

याचा अर्थ मदरशांचा कारभार धुतल्या तांदळासारखा आहे, असे नाही. अनुदानित मदरशात शिक्षक निवडते व्यवस्थापन आणि पगार निघतो सरकारी तिजोरीतून. अशा व्यवस्थेत काय होते, ते मराठी वाचकाला मी सांगायला नको. आपल्याकडच्या अनुदानित खाजगी शाळांत ‘डोनेशन’ देऊन मास्तर कसे लागतात, संस्थाचालकाच्या मेहुण्याला जागा कशी निघते, जाहिरात कोपऱ्यातल्या कुठल्या वर्तमानपत्रात छापून येते, हे गावोगाव ठाऊक आहे. रोग तोच आहे. आपल्या शाळेत त्याला वशिला म्हणायचे आणि मदरशात झाला की धर्मांधता म्हणायचे, हे निदान चुकीचे आहे, आणि निदान चुकले की औषधही चुकते.

आता ‘संस्था त्यांची, आपण बोलायचे नाही’ या युक्तिवादाकडे वळू. त्याला घटनेचा आधार आहे, पण म्हणणाऱ्यांना वाटतो तेवढा नाही. सरकारी नोकरीत धर्माच्या कारणाने कोणाला डावलता येत नाही, हे सोळावे कलम सांगते. त्याच कलमाचा पाचवा खंड एक अपवाद करतो: धार्मिक संस्थेच्या कारभाराशी संबंधित पदावरची व्यक्ती किंवा तिच्या नियामक मंडळाचा सदस्य त्याच धर्माचा असावा, असे एखादा कायदा म्हणत असेल तर ते चालेल. घटनाकारांना देऊळ आणि तहसील कचेरी यांतला फरक नीट कळत होता. पण अपवाद करतानाही त्यांनी ‘कायद्याने’ असे म्हटले. म्हणजे अट लिहिलेली हवी, छापलेली हवी, कोणालाही वाचता येईल अशी हवी. ट्रस्टींच्या भुवया उंचावल्या म्हणून अट झाली, अशी सोय घटनेत नाही.

तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क कुठवर जातो, याचे सर्वांत स्वच्छ उत्तर ६ जानेवारी २०२० च्या एका निकालात आहे. पश्चिम बंगालच्या अनुदानित मदरशांत शिक्षक निवडण्याचे काम तिथल्या २००८ च्या कायद्याने एका आयोगाकडे दिले होते. कांथीच्या एका मदरशाच्या व्यवस्थापनाचा त्याला विरोध होता. सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. निकाल लिहिला न्यायमूर्ती उदय लळित यांनी, आणि त्यांनी केलेली विभागणी कोणत्याही धर्मसंस्थेने भिंतीवर लावावी अशी आहे. जे विषय धर्म, भाषा किंवा संस्कृती टिकवण्यासाठी शिकवले जातात, तिथे शिक्षक निवडण्याची जास्तीत जास्त मोकळीक व्यवस्थापनाला हवी. जे विषय निव्वळ ऐहिक आहेत, तिथे उत्तम शिक्षक निवडण्याचा सर्वांना सारखा लागू होणारा नियम अल्पसंख्याक संस्थेलाही लागू करता येतो. कुराण कोणी शिकवायचे ते मदरशाने ठरवावे. भूमिती कोणी शिकवायची ते भूमितीवरून ठरावे.

हाच निकाल ‘फक्त गुणवत्ता’वाल्यांनाही उत्तर देतो. पुजाऱ्याला, इमामाला, पाद्र्याला श्रद्धेची अट घालणे म्हणजे भेदभाव, असे म्हणणाऱ्याने त्या कामाचा विचारच केलेला नसतो. नमाज पढवणारा माणूस स्वतः नमाजी असावा, ही त्या कामाची पात्रता आहे. अभिनेत्याने संध्या केली तर ते नाटक होते. पुजाऱ्याने केली तर ती पूजा होते, आणि भक्ताने दक्षिणा दिलेली असते ती पूजेची. म्हणून श्रद्धेची अट घालायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती श्रद्धेच्या नावाखाली जन्माची अट घुसडायला. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले की विधी येत असतील, दीक्षा झाली असेल, तर पुजारी ब्राह्मणच हवा हा आग्रह टिकणारा नाही. त्रावणकोर देवस्वम मंडळाने २०१७ मध्ये लेखी परीक्षा आणि मुलाखती घेऊन छत्तीस ब्राह्मणेतर पुजारी निवडले, त्यांत सहा दलित होते. पंढरपुरात जानेवारी २०१४ मध्ये बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयात संपले आणि मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींतल्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवून मुलाखती घेतल्या. अर्जदाराला पूजा येते का, हे विचारले गेले. विठोबाचे काही बिघडले नाही.

म्हणजे पदांच्या तीन पायऱ्या झाल्या. ज्याचे कामच उपासना किंवा धर्मशिक्षण आहे, त्याला श्रद्धेची अट रास्त. जो संस्थेचा विश्वस्त किंवा कारभारी आहे, त्याला ती अट घालता येईल, पण कायद्यात किंवा घटनापत्रात लिहून. आणि जो हिशेब ठेवतो, गाडी चालवतो, बाग राखतो, रंग देतो, रुग्ण तपासतो, गणित शिकवतो, त्याला ही अट घालायचे कारण संस्थेलाच द्यावे लागेल. ‘वातावरण’ हे कारण होऊ शकत नाही. आवारात मांस-मद्य नको, चामडे नको, डोके झाकलेले हवे, चपला बाहेर हव्यात, हे सगळे वागणुकीचे नियम आहेत आणि ते कोणत्याही धर्माचा नोकर पाळू शकतो. न पाळणाऱ्याला, तो स्वधर्मीय असला तरी, काढता येते. वागणूक सुधारता येते. जन्म सुधारण्याची सोय नाही.

लखनौचे अभिमानी इथे मधे पडतात. म्हणतात, हे नियम-बियम तुमच्याकडे. आमच्याकडे गंगा-जमनी तहजीब आहे, ती रक्तातच आहे. त्या तहजीबीच्या खुणा मी नाकारत नाही. जेठ महिन्यातल्या ‘बड्या मंगळा’ला अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दर पन्नास पावलांवर भंडारा लागलेला असतो: पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी, गुलाबी सरबत. ते मंदिर नवाबाच्या बेगमेने बांधवले असे सांगतात आणि त्याच्या कळसावर चंद्रकोर आहे. भंडाऱ्यात द्रोण पुढे करणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही, आणि सरबत वाटणाऱ्यांत मुसलमानही असतात. हे सगळे खरे आणि सुंदर आहे. पण सरबत एका दुपारचे असते, पगार बारा महिन्यांचा. द्रोण भरताना नाव न विचारणारा समाज मस्टरवर नाव चढवताना काय करतो, यावर त्याची तहजीब मोजली पाहिजे.

याही कसोटीला उतरणारी उदाहरणे लखनौत आहेत, म्हणून तर मला त्या शहराशी भांडावेसे वाटते. नवाब आसफुद्दौलाचा बडा इमामबाडा १७८४ च्या दुष्काळात सुरू झाला, तो आपल्याकडच्या भाषेत दुष्काळी काम म्हणून. पोट हातात घेऊन आलेल्या हजारोंना त्याने मजुरी दिली. आख्यायिका सांगते की घरंदाज पण उपाशी लोकांना दिवसाढवळ्या पाट्या वाहायची लाज वाटे, म्हणून त्यांच्यासाठी रात्रीचे काम काढले होते. शिया पंथाच्या या वास्तूचे दार कामासाठी भुकेच्या निकषावर उघडले होते. आज हा इमामबाडा ज्या हुसैनाबाद ट्रस्टकडे आहे, त्याचा कारभार जिल्हाधिकाऱ्याच्या हाती असतो. तो अधिकारी कोणत्याही धर्माचा असू शकतो. शिया धर्मगुरूंनी या व्यवस्थेविरुद्ध आंदोलने केली आहेत, आणि त्यांची तक्रार उडवून लावण्यासारखी नाही. ट्रस्टचा कारभारी कोणत्या धर्माचा असावा याचा त्यांनी उघड आग्रह धरला, उघड भांडण केले. हे मला चोरट्या नकारापेक्षा शंभरपट बरे वाटते.

दुसरे उदाहरण धर्मसंस्थेचे नाही, पण आपल्या माणसाचे आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज उघडले. पुढे श्रीकृष्ण रातंजनकर त्याचे प्राचार्य झाले. मुंबईकडच्या या विद्वानांच्या संस्थेत तबला शिकवायला होते उस्ताद आबिद हुसेन खाँ, आणि नंतरच्या काळात अहमदजान थिरकवाँ. घराण्यांतली विद्या आणि त्या विद्येचे पद्धतशीर शिक्षण यांत भातखंड्यांचे उस्तादांशी खटके उडाले, हा इतिहास आहे. पण तबल्याच्या वर्गावर कोण, हे बोटांनी ठरवले. सहिष्णुता अशी दिसते: महिन्याच्या एक तारखेला, सहीनिशी.

आता नकार कसा दिला जातो ते जवळून पाहा. भारतात अर्जावर धर्माचा रकाना लागतच नाही. नाव पुरते, वडिलांचे नाव पुरते, आडनावाने जातही कळते. अर्जांचा गठ्ठा टेबलावर येतो, पहिली चाळणी नावांची होते. ज्याला वगळायचे त्याला पत्र जात नाही. तो फोन करतो तेव्हा ‘कळवू’ म्हणतात. आणखी महिन्याने ‘जागा भरली’ म्हणतात. कुठेही खोटे बोललेले नसते, कारण कुठे काही बोललेलेच नसते. आव्हान द्यायला कागद नाही, कारण नाही, तारीख नाही. खाजगी ट्रस्टने अशी चाळणी लावली तर त्याविरुद्ध दाद मागायला आपल्याकडे सर्वसाधारण भेदभावविरोधी कायदाही नाही. या मुक्या नकारापुढे ‘अमुक धर्माचेच अर्ज चालतील’ अशी छापील ओळ मला सभ्य वाटते. निदान अर्जदाराचा एसटीचा खर्च तरी वाचतो.

याहून वाईट असते ती अट, जी निवड झाल्यावर उगवते. नोव्हेंबर २०१९ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या संस्कृत विद्या धर्मविज्ञान संकायात डॉ. फिरोज खान यांची साहित्याचे सहाय्यक प्राध्यापक म्हणून निवड झाली. जाहिरातीत धर्माची अट नव्हती, निवड नियमानुसार झाली असे विद्यापीठाने ठामपणे सांगितले. विद्यार्थी धरण्यावर बसले आणि एका शिलालेखाचा दाखला देऊ लागले. केंद्रीय कायद्याने चालणाऱ्या, सार्वजनिक पैशावर उभ्या असलेल्या विद्यापीठाची नोकरीची अट शिलालेखात असते की जाहिरातीत? त्या शिलालेखावर विद्यापीठाचा विश्वास असता तर तो आधी छापायला हवा होता; नव्हता तर त्या शिक्षकाला वर्गापर्यंत पोचवायला हवे होते. शेवटी डिसेंबरात ते कला संकायाच्या संस्कृत विभागात गेले. ज्या माणसाचे वडील राजस्थानात कृष्णभजने गातात आणि त्याच सुमारास पद्मश्रीला पात्र ठरतात, त्याला ज्या संकायासाठी निवडले त्याच्या वर्गात पाऊल टाकता आले नाही. विद्यापीठ शब्दाने त्यांच्या बाजूला होते. कृतीने कोणाच्या बाजूला होते, ते दिसलेच.

लखनौ-बनारसकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापूरच्या देवस्थानाने जून २०२५ मध्ये १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. त्यांतले ११४ मुसलमान होते. त्याआधी चौथऱ्याजवळ काम करणाऱ्या मुसलमान कामगारांची चित्रफीत फिरली होती, हिंदुत्ववादी संघटनांनी मोर्च्याचा इशारा दिला होता. ट्रस्टचे म्हणणे मात्र असे की कारवाई गैरहजेरी आणि शिस्तभंगापोटी झाली, धर्माचा संबंध नाही. मी दोन्ही शक्यता धरून चालतो. कारण गैरहजेरीच असेल, तर ती मोर्च्याच्या तोंडावरच कशी आठवली? आणि कारण धर्म असेल, तर ते स्वच्छ का सांगितले नाही? हिंदूंचे देवस्थान आहे, आम्हाला नोकर हिंदूच हवेत, अशी भूमिका घेणे मला चुकीचे वाटते, कारण त्या लोकांची कामे शेती-स्वच्छतेसारखी होती. तरी ती भूमिका आहे. तिच्याशी वाद घालता येतो. हजेरीपत्रकाआड दडलेल्या धर्माशी कसा वाद घालायचा?

पुढे जे निघाले ते अधिक बोलके आहे. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले की जिथे २५८ कर्मचाऱ्यांवर काम भागत होते, तिथे २४०० हून अधिक दाखवले गेले. बनावट ॲपवरून भाविकांचे पैसे लाटल्याचे प्रकरणही गाजले आणि सप्टेंबरमध्ये सरकारने कारभार हाती घेतला. म्हणजे सगळा महाराष्ट्र मस्टरवरच्या नावांचा धर्म मोजत होता, तेव्हा त्या मस्टरवर नावे किती आहेत हे कोणी मोजत नव्हते. भरतीत खोटेपणा शिरला की तो एका दालनात राहत नाही. धर्मावर खोटे बोलायला सरावलेला हात संख्येवरही खोटे लिहितो.

अर्जदाराच्या खरेपणाचाही प्रश्न आहे, आणि तो टाळणे पक्षपात होईल. तिरुमला तिरुपती देवस्थानाने फेब्रुवारी २०२५ मध्ये अठरा कर्मचाऱ्यांवर कारवाई केली. नोकरी घेताना हिंदू धर्म पाळण्याची शपथ घेतली आणि प्रत्यक्षात दुसऱ्या धर्माचे आचरण केले, असा ठपका होता. त्यांत शिक्षकही होते. तिथे अट लिखित आहे, शपथ लिखित आहे. खोटी शपथ घेणाऱ्याची मी पाठराखण करणार नाही. पण शिक्षकाच्या पगारावर श्रद्धेची शपथ लटकवली की खोट्या शपथा घेणारे लोक तयार होणारच. भुकेला माणूस कसलीही सही करतो. संस्थेला त्याच्या सहीत भक्ती दिसत असेल तर ती स्वतःलाच फसवते. नाशिकच्या एका शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला म्हणून त्याची वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. हात न जोडता, वेतनश्रेणी पणाला लावून उभा राहिलेला तो शिक्षक मला शंभर जोडलेल्या हातांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

बाहेरच्या जगातही दुखणे हेच आहे. ड्युसेलडॉर्फमधल्या कॅथॉलिक रुग्णालयाने एका कॅथॉलिक डॉक्टरला घटस्फोटानंतर दुसरे लग्न केले म्हणून काढले. तसेच करणाऱ्या बिगर-कॅथॉलिक डॉक्टरांना तो नियम नव्हता. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने विचारले की रुग्ण तपासायला ही अट खरोखर लागते का. उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कॅथॉलिक शाळांना अशी मोकळीक दिली की धर्मशिक्षणात वाटा असलेल्या शिक्षिकेला काढताना कारण धार्मिक असल्याचे दाखवायचीही गरज नाही. त्या खटल्यांतल्या एका शिक्षिकेची तक्रार वयामुळे काढल्याची होती, दुसरीची कर्करोगाच्या उपचारांसाठी रजा मागितल्यावर काढल्याची. धर्मस्वातंत्र्याची ढाल एकदा प्रश्नांपलीकडे गेली की तिच्याआड धर्माशी संबंध नसलेल्या गोष्टीही लपतात, याहून उघड पुरावा नको.

‘आधी त्यांना सांगा’ हा शेवटचा आक्षेप. सांगतोच. वक्फ कायद्यातल्या २०२५ च्या दुरुस्तीने वक्फ मंडळांवर बिगर-मुस्लिम सदस्य आणले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात त्यांच्या संख्येला मर्यादा घातली. त्याच उत्तर प्रदेशाचा १९८३ चा काशी विश्वनाथ मंदिर कायदा म्हणतो की पदसिद्ध सदस्य हिंदू नसेल तर त्याच्या जागी हिंदू अधिकारी बसेल. मशिदीच्या मालमत्तेवर परधर्मीय चालतो आणि देवळाच्या समितीवर चालत नाही, किंवा नेमके उलटे, असे म्हणणाऱ्याला तत्त्व नाही, बाजू आहे. मदरशाने भूमितीच्या मास्तराला धर्म विचारला तर ते चूक. देवस्थानाने माळ्याला विचारला तर तीही चूक, तेवढीच. आणि पात्रतेतून सूट कोणालाच नको: शिक्षक पात्रता परीक्षा अल्पसंख्याक शाळांना लागू असावी का, हा प्रश्न महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला आहे. उत्तर काहीही येवो, ज्याला शिकवता येत नाही त्याची श्रद्धा मुलांच्या उपयोगाची नाही.

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि ती सर्व धर्मांच्या संस्थांना सारखी लागू आहे. प्रत्येक पदासाठी जाहिरात काढा. धर्माची अट असेल तर ती त्या पदापुढे लिहा आणि त्या कामाला ती का लागते तेही एका ओळीत लिहा. सरकारी पैसा घेणार असाल तर ऐहिक कामांवरची अट काढून टाका. नाकारलेल्या अर्जदाराला कारणासह पत्र द्या. नेमणुकीनंतर नवी अट उगवू देऊ नका. आणि दर वर्षी कर्मचाऱ्यांची यादी, पदे आणि पगार जाहीर करा, म्हणजे देणगीदाराला आपला रुपया कोणाच्या घरी जातो ते कळेल.

अशाने तेढ वाढेल, अटी उघड झाल्या की मने दुखावतील, असे मला सांगितले जाईल. मने आजही दुखावतात. फक्त ज्याची दुखावतात त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो. आणि छापायची वेळ आली की बऱ्याच अटी आपोआप गळून पडतील. ‘झाडूवाला अमुक धर्माचाच हवा, कारण...’ यापुढचे वाक्य लिहायला बसलेल्या ट्रस्टीला पेन थांबवावेच लागेल. ज्या संस्थेला आपली अट छापायची लाज वाटते, तिने ती अट पाळायचीही लाज बाळगावी.